खेपांचा हिशेब

पहाटे ५.४५

खालच्या वाडीतून ढोल ऐकू येतोय. शिमग्याची पालखी रात्रभर घरोघर फिरत होती, आज रात्री आमच्या अंगणात येणार. म्हणजे दिवेलागणीपर्यंत मला घरी असायला हवं. आणि मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातला लेखापाल दिवेलागणीला घरी पोचलाय, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही. ती लेखापाल मीच. राष्ट्रीय आरोग्य अभियानात, कंत्राटी. नेमणुकीचा आदेश दर वेळी ११ महिने २९ दिवसांचा. मधला एक दिवस मी सरकारच्या हिशेबात नसतेच.

चहा गाळतेय तोवर ओटीवर कुबड्या वाजल्या. नाना. उभी हयात मच्छीमार बोटीवर खलाशी म्हणून गेली. साखरेनं डावा पाय सडला, गुडघ्याखाली काढावा लागला, त्याला आता वर्ष होईल. काखेत कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत सगळे कागद.

"बाय, उद्या जाऊन येऊ काय परत?"

"आता कशाला?"

"मेसेज आलाय मोबायलवर. विंग्रजीत हाय. पोरगा मुंबयला, त्याला फोन लागत नाय. म्हटलं, बोलावलं असंल."

बॅटरी उतरलेली, मोबाइल बंद. मी पिशवीतून अर्जाची पावती काढली, तिच्यावरचा नोंदणी क्रमांक डायरीत उतरवून घेतला. "उद्या जाऊ नका. आज बघून सांगते."

माझी डायरी पुढून ऑफिसची आणि मागून माझी. मागच्या बाजूला मी खेपा लिहिते. कोण, कशासाठी, कितव्यांदा गेला. नानांच्या पानावर चार ओळी आहेत. पहिली खेप : अपंगत्वाच्या तपासणीचा वार चुकला. दुसरी : आधारवरचं नाव आणि दवाखान्याच्या कागदावरचं नाव जुळेना, म्हणून नाव दुरुस्तीला. तिसरी : तपासणी झाली, एक्स-रे राहिला. चौथी : एक्स-रे. प्रत्येक खेपेत अंजनवेलहून गुहागर, गुहागरहून चिपळूण आणि तिथून पुढची गाडी. सोबत वहिनी. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे धडधाकट वहिनींचं तिकीट अर्धं आणि कुबड्यांवरच्या नानांचं पूर्ण. दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, पण कार्ड दाखवल्यावर. ते कार्ड काढायलाच तर नाना निघालेले.

सकाळी ८

ऑफिसला जायच्या आधी उपकेंद्रात. पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' आहे, तोंडी मात्र उपकेंद्रच. सिस्टर लसीचा डबा भरत होत्या, समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम बीपीच्या गोळ्या मोजत होत्या. वर्षाचा खर्च बंद करायचा तर जुनं काही लटकलेलं नाही ना, हे पाहायचं होतं. सिस्टरनी किल्ली दिली आणि मी लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा उघडला.

वाळवी लागू नये म्हणून घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्याखाली पासबुकं. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये अबंधित निधी मिळू लागला. खातं सिस्टर आणि सरपंच यांच्या जोडनावावर. सरकारी पैसा पहिल्यांदा इतका खाली, एका नर्सच्या कपाटापर्यंत आला होता. कशाला खर्च करायचा, ते गावानं ठरवायचं.

व्हाउचरांची फाईल उघडली. एक कागद हातात राहिला : 'खिडकीस जाळी बसविणे, सुतार मजुरी'. खाली जांभळ्या शाईचा अंगठा, अंगठ्याशेजारी सिस्टरच्या अक्षरात सुताराचं नाव. जाळी अजून खिडकीला आहे, गंजलीय पण डास अडवते. माझ्या स्क्रीनवर दिवसाला शंभर नोंदी होतात. त्यातल्या एकीचीही जाळी मला अशी बोटानं चाचपता येत नाही.

पण तेच पासबुक पुढे उलटलं, तर दोन वर्षं एकही पैसा निघालेला नाही. आकडा तोच, फक्त व्याजानं फुगत गेलेला. सिस्टर हसल्या. "निवडणूक झाली ना तेव्हा. नवे सरपंच म्हणाले, जुन्या हिशेबावर मी सही करणार नाही. जुने म्हणाले, आता माझा काय संबंध. वजनकाटा बिघडलेला, तो मी माझ्या पैशानं दुरुस्त केला."

पैसा कपाटात आणि काटा बंद. असं एकाच कपाटात नव्हतं. कॅगनं २०१७ मध्ये मांडलेल्या अहवालात २७ राज्यांच्या आरोग्य सोसायट्यांकडे पडून राहिलेला पैसा मोजला. २०११-१२ च्या शेवटी तो ७,३७५ कोटी होता, २०१५-१६ च्या शेवटी ९,५०९ कोटी. वरून बघणाऱ्याला वाटायचं, पैसे पाठवले म्हणजे खर्च झाले. ते असे बारक्या बारक्या पासबुकांत पाल्याखाली झोपलेले होते.

सकाळी १०.१५

गुहागर. ऑफिसात पहिला प्रश्न नमस्काराच्याही आधी येतो. "लिमिट आली काय?"

ज्यांनी आमची कामं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी : आता आमच्या खात्यात पैसे नसतातच. २३ मार्च २०२१ ला केंद्राच्या अर्थ खात्यानं आदेश काढला आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून एकेका योजनेला राज्यात एकच मुख्य खातं राहिलं. त्याखालचे जिल्हा, तालुका, आरोग्य केंद्र, उपकेंद्र सगळे शून्य शिलकीचे. आम्हाला मिळते ती खर्चाची मर्यादा, म्हणजे लिमिट. बिल पीएफएमएस या प्रणालीत चढवायचं, ते मंजूर झालं की पैसा मुख्य खात्यातून थेट समोरच्याच्या खात्यात. व्याजही आमचं नाही, ते सरकारच्या तिजोरीत परत जातं. तेव्हा महिनाभर आम्ही जुनी खाती बंद करत होतो. जिथं तिथं पन्नास-साठ रुपये शिल्लक आणि त्यांच्यासाठी तीन तीन पत्रं.

बिल चढवणारा 'मेकर', ते तपासून मान्यता देणारा 'चेकर'. मी मेकर, साहेब चेकर. मी चढवलेलं बिल मलाच पास करता येत नाही. सरपंच आणि सिस्टरच्या जोडसहीचाच हा नवा अवतार, फक्त इथं निवडणूक आडवी येत नाही. मान्यता झाली की एक कागद छापून निघतो, प्रिंट पेमेंट ॲडव्हाइस. बोली नाव पीपीए.

आमच्या गावाला ही तीन अक्षरं नवीन नाहीत. ८ डिसेंबर १९९३ ला राज्य वीज मंडळ आणि दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात जो वीज खरेदीचा करार झाला, त्यालाही पीपीएच म्हणत. एन्रॉनचा तो प्रकल्प नावानं दाभोळचा, पण उभा राहिला खाडीच्या अलीकडे, अंजनवेल, वेलदूर आणि रानवीच्या जमिनीवर. त्या करारात वीज उचला किंवा नका उचलू, क्षमतेचा आकार मोजावाच लागणार होता. मे १९९९ मध्ये वीज निघाली, दोन वर्षांत मंडळाला ती परवडेना, २००१ मध्ये सगळं थंड पडलं. २००५ मध्ये नवी सरकारी कंपनी आली आणि कारखाना पुन्हा उभा राहिला, तोवर मी चिपळूणला बी.कॉम. करत होते. वडील म्हणायचे, "हिशेब शिकतेस ना, मग शेवटचं पान आधी वाचायला शीक."

त्या पीपीएत न वापरलेल्याचेही पैसे द्यायचे होते. माझ्या पीपीएत न वापरलेलं ३१ मार्चला निघून जातं. त्यामुळे या महिन्यात आम्ही वेड्यासारखे खर्च करतो, असा लोकांचा समज आहे. खरं म्हणजे आम्ही वेड्यासारखे वाट बघतो. वर्षभर थेंब थेंब येणारी लिमिट शेवटच्या आठवड्यात धो धो येते. कोटेशन, पुरवठा, बिल, सगळं चार दिवसांत. आज सव्वादहाला आली ती औषधवाहतुकीची. ज्यांचे पैसे अडलेत, त्या आशांची नाही.

दुपारी १२

नापास नोंदींची यादी काढली. पैसे गेले आणि उलट्या पावली परत आले, अशा. एकतीस.

एकतिसांपैकी आठ आशाताई. त्यांचा मोबदला म्हणजे वेगवेगळ्या डझनभर कामांचे तुकडे : बाळंतपणाला सोबत, लसीकरण, क्षयरुग्णाच्या गोळ्या, घरभेटी. केंद्राचा वाटा एका खिशातून, राज्याचा दुसऱ्या. राज्यानं २०२४ मध्ये दरमहा ५,००० ची वाढ दिली, त्यामुळे बायकांचा हात थोडा सैल झाला. पण दोन खिशांतले पैसे एका दिवशी येतील तर शपथ. आठांपैकी पाचजणींच्या बँकेची शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, कोड बदललेला. पासबुक जुनंच. ताईला वाटतं तिचं खातं चालू आहे, मशिनला वाटतं ही बँकच नाही.

बाकीच्या बाळंतिणी. जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यात बाळंत झालेल्या गरीब घरच्या ग्रामीण बाईला ७०० रुपये. पूर्वी आम्ही चेक लिहायचो. सिस्टर बाळंतिणीला खाटेवरच द्यायच्या आणि तो वठवायला नवरा बँकेत अर्धा दिवस घालवायचा. काही चेक वाटेत दुसऱ्याच हातात जायचे, तेही मी पाहिलंय. आता पैसे थेट बाईच्या खात्यात. मधल्या हातांची खोड मोडली, हे मी कोणापुढेही छातीठोक सांगेन. पण खातं माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं. दोन नावांच्या मध्ये ७०० रुपये अडकले.

मी एकेकीला फोन लावत बसले. एक म्हणाली, "ताई, गुहागरला येऊन बँकेत जायचं तर दिवसाची मजुरी जाते आणि बाळ घेऊन यायचं. राहूदेत ते पैसे."

राहूदेत म्हटलेले पैसे माझ्याकडे 'अयशस्वी' म्हणून दिसतात, मग वर्षाखेर 'अखर्चित' म्हणून. 'एक खेप वाचवली' असा रकाना उपयोगिता प्रमाणपत्रात नाही. डायरीच्या मागच्या बाजूला मी तिचं पान उघडलं.

दुपारी १.३०

डबा. पोळी आणि काल शेजारून आलेली पुरणपोळी, म्हणजे पोळीबरोबर पोळीच.

माझी भाची न्यूझीलंडला अपंगांच्या सेवेचं काम करते. जेवताना तिचे व्हॉइस मेसेज ऐकते. त्या देशानं २००० साली आरोग्य आणि अपंगसेवा एका कायद्यात आणून जिल्हा आरोग्य मंडळं केली. १ जुलै २०२२ ला ती मंडळं मोडून एकच राष्ट्रीय यंत्रणा आणली आणि त्याच दिवशी अपंगांसाठी निराळं मंत्रालय सुरू केलं. आपल्याकडे त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याण विभाग सामाजिक न्याय खात्यातून वेगळा काढला. खातं एकत्र करावं की वेगळं, हा खेळ सगळीकडे चालतो आणि दर वेळी लेटरहेड नवी छापावी लागतात. मला त्यातलं एकच आवडलं : तिथं काही अपंगांना त्यांच्या मदतीचं बजेटच हातात देतात. मदतनीस कोण, किती तास, तेच ठरवतात. भाची म्हणते, "मावशी, माझी चेकर चाकाच्या खुर्चीत बसते."

आमच्या नानांच्या हातात अजून कार्डच नाही.

दुपारी ३.३०

ग्रामपंचायत. खरं तर माझं इथं काम नाही. पण आरोग्याचे तपशील लागतात म्हणून इथले अधिकारी भाऊ बोलावतात, आणि माझंच गाव. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पूर्वी ३ टक्के होते, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आल्यावर ५ झाले. त्याच कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. म्हणजे वाटणारा हात तोच आणि पंगत तिप्पट. त्यात घरपट्टी जमते तेवढीच पंगतीची भाजी. उत्पन्नवाल्या गावाचे ५ टक्के आणि नुसत्या माडांवर जगणाऱ्या गावाचे ५ टक्के, कागदावर सारखेच.

भाऊंच्या टेबलावर यादी. नावापुढे कार्ड क्रमांक, टक्केवारी, खाते क्रमांक. महिनाअखेर खर्ची टाकायची आहे.

"नाना नाहीत यात."

"कार्ड नाही ना त्यांचं. मी घातलं तर ऑडिटला पॅरा पडेल."

"पाय नाही तो दिसतो की तुम्हाला. रोज याच दारावरून जातात."

"मला दिसतो हो. लेखापरीक्षकाला कार्ड दिसायला लागतं." भाऊ चिडले नव्हते. मीही त्यांच्या जागी हेच म्हटलं असतं, रोज म्हणतेच.

तेव्हा मला सकाळचा क्रमांक आठवला. १ जून २०२१ पासून अपंगत्वाची प्रमाणपत्रं देशभर ऑनलाइनच निघतात. भाऊंच्या संगणकावर पान उघडलं, क्रमांक टाकला. चाक फिरत राहिलं. खाडीवरून वारा सुटला की आमचं नेट पण डुलतं. दोनदा पान मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं आणि नानांचा फोटो आला, वाढलेल्या दाढीचा, डोळे विस्फारलेले. अस्थिव्यंग, कायमस्वरूपी, ६० टक्के. पिवळी पट्टी. ४० ते ८० च्या मधल्यांची पिवळी, ८० आणि वरच्यांची निळी.

मेसेज बोलावण्याचा नव्हताच. 'तुमचं कार्ड तयार आहे, उतरवून घ्या' असा होता. नाना उद्या पहाटे उठून, तीन गाड्या बदलून, ते विचारायला निघाले असते.

भाऊंनी यादीच्या तळाला ओळ वाढवली. खाते क्रमांक मी नानांच्या पिशवीतल्या पासबुकावरून सकाळीच लिहून घेतलेला. कार्डाची प्रिंट काढली. ग्रामपंचायतीचा प्रिंटर काळाच, पिवळी पट्टी राखाडी आली.

मग मी मनातलं काढलं. माझ्या डायरीत अजून तिघं आहेत : एक बहिरी मुलगी, एक दृष्टी अधू झालेली आजी, एक मतिमंद मुलगा. तिघांचीही तपासणी बाकी. एकच गाडी करून तिघांना एका दिवशी नेलं तर?

भाऊ खुर्चीत मागे टेकले. "५ टक्क्यांतून?"

"हो."

"ते दिव्यांगांसाठी आहेत. या तिघांकडे कार्ड नाही, म्हणजे हिशेबात ते दिव्यांग नाहीत. कार्ड काढायला न्यायचं, तर आधी कार्ड पाहिजे."

दोघंही हसलो, पण हसू पुरं झालं नाही. पैसा आता वरपासून खालपर्यंत लख्ख दिसतो. कुठे गेला, किती वाजता गेला, कोणी पाठवला. ही सुधारणा खरी आहे, आणि ज्यांनी पाल्याखालची पासबुकं पाहिलीत त्यांना ती मोडावी असं वाटणार नाही. पण तिनं पैशाच्या खेपा वाचवल्या. सही, चेक, ड्राफ्ट, सगळं गेलं. माणसाच्या खेपा होत्या तिथंच, कारण त्यांचं व्हाउचर कोणी करत नाही. ज्याचं व्हाउचर नाही त्याचा खर्च नाही, आणि ज्याचा खर्च नाही ते वाचवायचं कोणाच्या मनात येत नाही.

शेवटी भाऊंनीच वाट काढली. "सामान्य निधीतून बसतंय का बघू. मासिक सभेत विषय घेतो. पण मला आकडा द्या. तिघांच्या आत्तापर्यंत किती फेऱ्या झाल्या, किती खर्च आला. नुसतं हाल होतात म्हणून ठराव होत नाही."

आकडे तर होतेच. मी डायरी उलटी करून त्यांच्यापुढे ठेवली.

संध्याकाळी ६.१०

आशांची लिमिट आली! साहेबांचा फोन. मी घरच्याच ओटीवर लॅपटॉप उघडला. पाचजणींचे नवे कोड दुपारीच दुरुस्त करून ठेवले होते. एक एक ओळ चढवली, शीर्षाचा कोड तपासला. एक अंक चुकला तर आशाचा मोबदला कुटुंबनियोजनात जाऊन बसतो आणि वर्षभर तिथून उठत नाही. ओटीपी यायला अंगणाच्या कडेला माडाखाली उभं राहावं लागतं, तिथं रेंज आहे. पलीकडे गुहागरात साहेबांनी मान्यता दिली. पीपीए उद्या छापू.

माडाखालून खाडी दिसते, पलीकडे दाभोळचे दिवे आणि अलीकडे कारखान्याच्या चिमण्या. गोपाळगडाच्या बाजूनं ढोल जवळ येत होता.

रात्री ८.३०

पालखी अंगणात आली. नाना तिथंच होते, कुबड्या भिंतीला टेकवून कट्ट्यावर. नाचवताना पालखी त्यांच्या अगदी जवळून गेली तेव्हा त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. खांदा देणाऱ्यांपैकी एकानं दांडी क्षणभर खाली घेतली, नानांचा तळवा तिला लागला आणि पालखी पुढे गेली.

गर्दी ओसरल्यावर मी राखाडी पट्टीचा कागद त्यांच्या हातात दिला.

"उद्या?"

"उद्या कुठेच नाही. झालं काम. पंचायतीच्या यादीतही नाव गेलं."

त्यांनी कागद दिव्याकडे धरला, आपला फोटो बघितला. "दाढी करून जायला पायजे होतं," म्हणाले. मग घडी न घालता पिशवीत सरकवला, बाकीच्या सगळ्या कागदांच्या वर.

डायरीत नानांचं पान बंद केलं. चार खेपांखाली रेघ मारली आणि जो रकाना आजवर आखलाच नव्हता तो आखला : वाचलेली खेप, १. मग पान उलटून बहिऱ्या मुलीचं काढलं. भाऊंना सभेसाठी आकडे द्यायचेत, भाड्यासकट. तिची आई मजुरीला जाते. ज्या दिवशी गेली, त्या दिवसाची मजुरीही लिहायला हवी. ती मी आजवर धरलीच नव्हती.